घोळक्याबाहेरचं मूल गणितात कुठे असतं?

शाळेत बुलिंगविरुद्ध काही करायचं म्हटलं की आपल्याकडे कार्यक्रम ठरलेला असतो. सगळ्यांना सभागृहात बसवायचं, पाहुणे बोलवायचे, शपथ घ्यायची, फोटो काढायचा. ‘सर्वांना एकत्र आणलं’ असं अहवालात लिहून मोकळं व्हायचं. आजचा पेपर या पद्धतीला एक साधा प्रश्न विचारतो: सगळ्यांना एकत्र आणायचं, पण सुरुवात कोणापासून करायची? पेपर मला मनापासून आवडला. तक्रार आहे ती तो कुठे थांबतो याबद्दल.

आधी पेपर समजून घेऊ. एलिझाबेथ लेव्ही पॅलक, हाना शेफर्ड आणि पीटर अरोनाव यांनी २०१२-१३ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ५६ शाळांमध्ये हा प्रयोग केला. विद्यार्थी होते २४,१९१, आणि निष्कर्ष छापून आले २०१६ मध्ये. प्रत्येक मुलाला विचारलं, गेल्या काही आठवड्यांत तू कोणाबरोबर वेळ घालवलास? जास्तीत जास्त दहा नावं सांग. या उत्तरांतून शाळेतल्या नात्यांचा नकाशा तयार झाला. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या शाळा निवडल्या, आणि त्या प्रत्येक शाळेत २० ते ३२ मुलांचा एक गट, तोही चिठ्ठ्या टाकल्यासारखाच. शिक्षकांनी निवडलेली ‘गुणी बाळं’ नव्हेत, हे महत्त्वाचं. शाळेत कोणते वाद होतात, त्यावर काय करायचं, हे त्या मुलांनीच ठरवलं. पोस्टर केली, चांगलं वागणाऱ्याला हातात घालायला नारिंगी पट्ट्या दिल्या. वर्षाअखेरीस या शाळांमधल्या भांडणतंट्यांच्या शिस्तभंगाच्या नोंदी उरलेल्या शाळांपेक्षा ३०% कमी होत्या. आणि ज्या गटांत बऱ्याच जणांनी नावं घेतलेली, म्हणजे सगळ्यात जास्त जोडलेली मुलं अधिक होती, तिथे परिणाम अधिक दिसला.

हे का चालत असावं? बुलिंग दोघांतलं भांडण नसतं, त्याला प्रेक्षक लागतात. कॅनडात शाळेच्या मैदानांवर केलेल्या निरीक्षणांचा एक अभ्यास २००१ साली आला. त्यात ८८% प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. ती मध्ये पडायची कमी, पण पडली तर निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबायचा. म्हणजे हसणाऱ्यांनी हसणं थांबवलं तरी पुष्कळ झालं. आणि कशावर हसायचं, हे वर्गातली चार जणं ठरवतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा, यूजीसीचे नियम २००९ चे. नियमांमध्ये समित्या वगैरे बरंच आहे, पण विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतं ते प्रतिज्ञापत्र: एक स्वतःचं, एक पालकांचं. ‘मी रॅगिंग करणार नाही.’ बाजूला उभा राहून बघणाऱ्याने काय करायचं, हा प्रश्न त्या सहीत येतच नाही. त्या तुलनेत हा पेपर कितीतरी पुढे आहे.

आता तक्रार. मी स्वतः नेटवर्कवर साथी कशा पसरतात याची मॉडेल्स करते, त्यामुळे या पेपरचं गणित ओळखीचं वाटलं. जास्त जोडलेल्यांना गाठा, परिणाम पसरेल. लसीकरणातही हीच युक्ती वापरतात. पण एक फरक आहे आणि तो छोटा नाही. साथीत जो कोणाशीच जोडलेला नाही, तो सगळ्यात सुरक्षित असतो. त्याच्यापर्यंत रोग पोचतच नाही. शाळेत नेमकं उलटं! ज्याचं नाव कोणीच घेतलं नाही, तोच सगळ्यात सोपा सावज. चांगली वागणूक मैत्रीच्या धाग्यांवरून पसरत असेल, तर ज्याच्याकडे धागाच नाही त्याच्यापर्यंत ती पोचणार कशी?

पेपरचा मुख्य निकाल शाळेच्या सरासरीत आहे, आणि मोजपट्टी आहे शिस्तभंगाच्या नोंदींची. नोंद होते ती मारामारीची, शिवीगाळीची. डब्याच्या सुट्टीत कोणी शेजारी बसू दिलं नाही, याची नोंद कोणते सर करतात? त्यामुळे ३०% खरे मानले तरी ते दिसणाऱ्या भांडणांचे आहेत.

ही काळजी हवेतली नाही. फिनलंडमध्ये कीवा नावाचा कार्यक्रम आहे, तोही बघ्यांवरच भर देणारा आणि खूप नावाजलेला. त्यावर काम करणाऱ्या क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच एक अवघड गोष्ट समोर आणली. ज्या वर्गांत बुलिंग कमी होतं, तिथे उरलेल्या पीडित मुलांची मनःस्थिती कधीकधी जास्त वाईट असते. कारण समजायला कठीण नाही. सगळ्यांनाच त्रास होत असेल तर मूल म्हणतं, ‘हा वर्गच वाईट आहे.’ एकट्यालाच होत असेल तर म्हणतं, ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे.’ सरासरी सुधारली आणि एक मूल आणखी खचलं, या दोन्ही गोष्टी एकाच वर्गात खऱ्या असू शकतात.

म्हणून असे कार्यक्रम बंद करा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझं मागणं छोटं आहे. नात्यांचा नकाशा तर हातात असतोच. ज्यांचं नाव सर्वाधिक आलं ती मुलं आपण त्यातून शोधतो, तशीच ज्यांचं नाव एकदाही आलं नाही तीही शोधा. वर्षाअखेरीस त्यांचे आकडे वेगळ्या रकान्यात मांडा. जमलंच तर मोहिमेत त्यांना पोस्टर चिकटवण्यापुरतं तरी सोबत घ्या. कुणाबरोबर काम करणं हासुद्धा एक धागाच असतो.

पुढच्या वेळी कुठल्या शाळेच्या बातमीत ‘बुलिंग इतके टक्के कमी झालं’ असं वाचलंत, तर टाळ्या जरूर वाजवा. पण लगेच विचाराही: जे उरलं, ते कोणाच्या वाट्याला आलं?