पायताण मागणारा मृत आणि कोपोलाचा ड्रॅक्युला

आज एका सदोष सिनेमाबद्दल बोलायचं आहे. फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा १९९२ सालचा 'ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला'. सदोष का, ते आधी उरकून टाकू. किआनू रीव्ह्जचे इंग्रजी उच्चार ऐकवत नाहीत. प्रत्येक दृश्यात इतकं काही कोंबलेलं आहे की डोळ्यांना विसावा नाही. आणि नावात स्टोकर असला, तरी ड्रॅक्युला आणि मीना यांची प्रेमकथा १८९७ च्या मूळ कादंबरीत नाहीच. एवढं असूनही मी हा सिनेमा पुन्हा लावतो. सावली आपल्या मालकाला न विचारता भिंतीवरून हात पुढे करते, हे पाहायलाच लावतो म्हणा ना. एइको इशिओकाच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं, ते अगदी योग्यच होतं.

पण आपला प्रश्न लोकश्रद्धेचा आहे. लोकांचा व्हॅम्पायर सरदार नव्हता हो! १७२५ मध्ये सर्बियातल्या किसिलयेवो गावात पेटर ब्लागोयेविच नावाचा माणूस वारला. पाठोपाठ आठ दिवसांत नऊ माणसं दगावली. ऑस्ट्रियन अधिकाऱ्याच्या अहवालात एक तपशील आहे, मला तो फार मोलाचा वाटतो. पेटरच्या बायकोनं सांगितलं की तो रात्री आला आणि त्यानं आपलं पायताण मागितलं. बघा, दात नाहीत, काळा झगा नाही. घरचाच माणूस, अनवाणी. साथ का आली हे कळत नाही, आणि गेलेल्याची आठवण जात नाही. या दोन गोष्टींची गाठ पडली की गावाला व्हॅम्पायर दिसतो. थडगं उघडल्यावर फुगलेलं, लालसर प्रेत दिसतं. आज आपल्याला ती कुजण्याची प्रक्रिया म्हणून माहीत आहे. त्यांना तो पुरावा वाटला. या भूताला उमरावाचे कपडे साहित्यानं चढवले, पॉलिडोरीच्या १८१९ च्या कथेपासून.

कोपोला हा उमराव तसाच ठेवतो, पण सुरुवातीला एक वेगळी गोष्ट करतो. साल १४६२. व्लाड तुर्कांशी लढायला गेलेला. किल्ल्यात बाण येतो, त्याला चिठ्ठी : व्लाड मेला. एलिझाबेटा नदीत उडी घेते. आता, रुमानियात पोयनारी किल्ल्याची एक आख्यायिका आहे. तिथेही बाण आणि चिठ्ठी आहे, पण ती चिठ्ठी खोटी नाही. तुर्क येत आहेत, सावध व्हा, असा तो इशारा आहे. राणी उडी घेते ती कैद टाळण्यासाठी. आपल्याला लगेच जोहार आठवेल. कोपोलानं इशाऱ्याची अफवा केली आणि मानरक्षणाचं विरहदुःख केलं. म्हणजे एका सामूहिक आठवणीचं खासगी प्रेमप्रकरण झालं. हे मला नुकसानच वाटतं.

पण पुढचं पाऊल खरंच विचार करण्याजोगं आहे. धर्मगुरू सांगतो, आत्महत्या केली, हिच्या आत्म्याला मुक्ती नाही. लोकश्रद्धेप्रमाणे व्हॅम्पायर कोण व्हायला हवं होतं? ती! आत्महत्या केलेले, बाप्तिस्मा न झालेले, बहिष्कृत, हेच तर परत येतात. आपल्याकडचा मुंजा आठवा, मुंज झाली आणि लग्नाआधी गेला, पिंपळावर बसला. मधेच अडकलेलं मरण. सिनेमात मात्र मेलेली बाई परत येत नाही, तिच्यासाठी रडणारा राक्षस होतो. शिक्षा एकीला सुनावली, भोगतो दुसरा. आणि तो धर्मगुरू अँथनी हॉपकिन्सनंच केलाय, जो पुढे व्हॅन हेल्सिंग म्हणून येतो. ज्यानं राक्षस घडवला त्याच चेहऱ्याचा माणूस पुढे त्याला मारायला निघतो. लूसीचं मुंडकं उडतं आणि दुसऱ्याच क्षणी पडद्यावर जेवणाच्या टेबलावरचं मांस कापलं जातं. हा विनोद नाही, किंवा नुसता विनोद नाही. नीतीचे रक्षकही पोटभर खातात.

मग मीनाच्या रूपात तीच बाई पुन्हा भेटते. इथे मराठी प्रेक्षकाला काहीच खटकत नाही! 'मधुमती' पाहिलेल्यांना पुनर्जन्माचं काय नवल? पण ज्या चर्चनं एलिझाबेटाला शाप दिला, त्याच्या चौकटीत पुनर्जन्माला जागाच नाही. पटकथेनं ही भेग बुजवलेली नाही. उलट दिशेनंही असं घडलं आहे म्हणा : रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये आपल्या वेताळाला इंग्रजीत 'व्हॅम्पायर' करून टाकलं. स्मशानात उलटा लटकून राजाला कोडी घालणारा आपला वेताळ, तो कुठे रक्त पितो?

माझी खरी तक्रार शेवटाशी आहे. गावात व्हॅम्पायरला खुंटा ठोकतात तेव्हा सगळं गाव हजर असतं, आपल्याच माणसाला दुसऱ्यांदा मारायची जबाबदारी सगळे वाटून घेतात. इथे मीना एकटी, त्याच जुन्या प्रार्थनागृहात, प्रेमानं त्याचं शिर उतरवते, आणि छतावरच्या चित्रात ते दोघे एकत्र वर जाताना दिसतात. चित्र सुंदर आहे. पण लूसी कुठे आहे त्या चित्रात? ड्रॅक्युलानं आपल्या बायकांपुढे टाकलेलं ते तान्हं बाळ?