स्पष्ट शैली आणि पात्राचा हेतू : देवबागच्या निमित्ताने

प्रादेशिक कथात्म साहित्याची चर्चा करताना शैली म्हणजे बोली आणि निसर्गवर्णन, असे समीकरण मराठी समीक्षा सहज मांडते. बोली अस्सल असली की माणूसही अस्सल उतरला, असे गृहीत धरले जाते. तो एखादी कृती का करतो, हा प्रश्न मागे पडतो. याच्या उलट टोकाला, लहान वाक्ये आणि सोपे शब्द म्हणजे स्पष्ट शैली, हा दुसरा भाबडा समज आहे. वस्तुतः कथनातील स्पष्टता ही शब्दकळेच्या आधी कार्यकारणभावाची बाब होय. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये गोष्ट आणि कथानक यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो.

मालवणच्या दक्षिणेस कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले देवबाग उदाहरणादाखल घ्यावे. या किनाऱ्यावर रापण ओढायला अनेक हात लागतात आणि मासळीचे वाटे पडतात. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. येथील एक तरुण रापण सोडून पर्यटकांच्या होडीवर जातो, असे कथाबीज कल्पावे. 'समुद्राकडे पाहता पाहता त्याचे मन उदास झाले आणि त्याने रापण सोडली' हे वाक्य निर्दोष आहे, सुबोधही आहे. पण त्यातून काहीच कळत नाही. उदासीने कोणी वाटा सोडत नाही. वाटा सोडणे म्हणजे ज्यांच्यासोबत दोर ओढला त्यांच्यातून उठून जाणे. घराजवळचा किनारा समुद्र खात चालला म्हणून त्याला रोख पैसा हवा आहे, की वाटे करताना बापाचा झालेला अपमान सलतो आहे? पहिल्या कारणाने तो रापणकरांसमोरून मान खाली घालून जाईल. दुसऱ्या कारणाने मुद्दाम त्यांच्यासमोरूनच होडी नेईल. हेतू ठरला की क्रियापद ठरते. विशेषणांची फारशी गरज उरत नाही.

चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' (१९६६) या दृष्टीने पुन्हा वाचावी. आरती प्रभू या नावाने कविता लिहिणाऱ्या या लेखकाचे गद्य सुबोध म्हणता येणार नाही. दृष्टान्त आणि भ्रम यांची सीमा त्यात पुसट राहते. तरीही परशुरामतात्या संदिग्ध वाटत नाहीत. वरदान आणि त्यासोबतची ब्रह्मचर्याची अट स्वीकारली गेली, की काय मिळवायचे आणि त्याची किंमत कोणती, हे दोन्ही ठरते. पुढची प्रत्येक गूढ घटना या ताणावर तोलली जाते. गूढता घटनेत आहे, हेतूत नाही. खानोलकरांच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या बऱ्याच लेखनात नेमके उलटे घडते : अंधार येतो, देवचार येतो, माणसाची हाव तेवढी येत नाही.

खानोलकरांच्याच वेंगुर्ले परिसरातले जयवंत दळवी 'चक्र' (१९६३) मध्ये विरुद्ध दिशेने त्याच ठिकाणी पोहोचतात. तेथील निवेदन कोरडे आहे, झोपडपट्टीवर हळहळणे नाही. अम्मा काय धरून ठेवू पाहते हे ठाऊक असल्याने वाक्यांना काही समजावून सांगावे लागत नाही. 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये मात्र काही माणसे लकबींवरच उभी आहेत. तिथे हेतूची जागा विक्षिप्तपणा घेतो, आणि विनोद ओसरल्यावर त्यांना जायला कुठे वाट उरत नाही.