ज्वारीची भाकर मधुमेहावर औषध आहे काय?

अकोला-अमरावतीकडे मधुमेहाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : 'गव्हाची पोळी सोडा, ज्वारीची भाकर खा, साखर आपोआप उतरते.' एके काळी वऱ्हाडात कापसाच्या जोडीला ज्वारी असे. सोयाबीन आले तशी ती शेतातून कमी झाली, आणि ताटातूनही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा या वाक्याला नवे बळ मिळाले. ज्वारी ताटात परत यावी असे मलाही वाटते. पण धान्य चांगले असणे वेगळे आणि ते रोगावर औषध असणे वेगळे. दुसऱ्या विधानाला पुरावा हवा. तो तपासून पाहू.

प्रथम घटक पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सारणीनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके आणि 10 ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. गव्हाच्या कणकेत हेच आकडे सुमारे 64 आणि 11 आहेत. म्हणजे दोघांत फारसा फरक नाही. पांढऱ्या तांदळात मात्र कर्बोदके सुमारे 78 ग्रॅम आणि तंतुमय पदार्थ जेमतेम 3 ग्रॅम. ज्वारीतील बहुतेक कर्बोदके पिष्टमय असतात. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. आतड्यात ती तुटते आणि ग्लुकोज रक्तात जाते. भाकर गोड लागत नाही, म्हणून तिच्यापासून साखर होत नाही असे नाही.

मग फरक वेगात असेल काय? तो मोजण्यासाठी 'ग्लायसेमिक निर्देशांक' वापरतात. 50 ग्रॅम कर्बोदके मिळतील इतके अन्न खाल्ल्यावर रक्तातील ग्लुकोज किती वाढते, याची तुलना तेवढ्याच शुद्ध ग्लुकोजशी करतात. ग्लुकोजला 100 गुण. भरडधान्ये आणि मधुमेह यांवरील अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भरडधान्यांचा सरासरी निर्देशांक सुमारे 53 निघाला; सडलेल्या तांदळाचा सुमारे 72 आणि मैद्यासारख्या परिष्कृत गव्हाचा सुमारे 74. बातम्यांत हेच आकडे गाजले.

पण येथे दोन गोष्टी निसटल्या. एक म्हणजे, 53 ही सर्व भरडधान्यांची सरासरी आहे. राळ्यासारख्या धान्यांमुळे ती खाली आली. त्याच आढाव्यात ज्वारी 55 ते 69 या मध्यम गटात आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची : तुलना पांढरा तांदूळ आणि मैदा यांच्याशी झाली. वऱ्हाडातील घरात निवड असते ती भाकर आणि न चाळलेल्या कणकेची पोळी यांत. भात कमी करून भाकर खाणाऱ्याला फायदा संभवतो; पोळी सोडून भाकर धरणाऱ्याला तो तेवढाच होईल, हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

शिवाय निर्देशांक वेग सांगतो, प्रमाण सांगत नाही. 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सुमारे 34 ग्रॅम कर्बोदके. 'औषध' समजून चार खाल्ल्या की 136 ग्रॅम! मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही. एवढे ग्लुकोज सावरणार कोण? याउलट एक-दोन भाकरी, सोबत झुणका किंवा तुरीचे वरण आणि भरपूर पालेभाजी असेल, तर पिष्टाचे प्रमाण आवरते आणि पचनही सावकाश होते. श्रेय ज्वारीला एकटीला नाही, सगळ्या ताटाला आहे.

हा काथ्याकूट कशासाठी? कारण 'भाकर खा' नंतर पुष्कळदा 'गोळ्या सोडा' येते. साखर वाढली तरी बरेच दिवस काही दुखत नाही. त्या काळात डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा खराब होत राहतात. औषध कमी करायचे की नाही, हे तपासणीचे आकडे पाहून डॉक्टरांनी ठरवायचे असते. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी ही चाचणी त्यासाठीच आहे.

शिक्षकांना यातून एक सोपा उपक्रम घेता येईल. विद्यार्थ्यांनी घरच्या एका भाकरीचे आणि एका पोळीचे पीठ तागडीवर तोलावे, वरील आकड्यांनी कर्बोदके काढावीत आणि घरातील मोठ्या माणसांच्या एका जेवणाचा हिशेब मांडावा. मग कोणताही दावा कानी आला की तीन प्रश्न विचारावेत : कशाच्या तुलनेत? किती प्रमाणात? कशासोबत? हे प्रश्न विचारायची सवय लागली, तर ज्वारीचा मानही राहील आणि रोग्याची गोळीही चुकणार नाही.