तंत्रलेखकाचा भविष्यकाळ

यंत्रांच्या व संगणकांच्या माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या तंत्रलेखकांसाठी ललित लेखनाचे मंडळ काढावयाचे ठरल्यास पहिली सूचना बहुधा एकच येते : सभासदांनी कचेरीतील भाषा दाराबाहेर ठेवून यावे. ही सूचना कितपत ग्राह्य आहे, हे एखाद्या प्रत्यक्ष कृतीवरून तपासणे इष्ट होय.

अमेरिकन कथाकार टेड चियांग ह्यांनी दीर्घकाळ तंत्रलेखनाचा व्यवसाय केला. १९८९ साली ते क्लॅरियन लेखनशिबिरात सहभागी झाले. रॉबिन स्कॉट विल्सन ह्यांनी १९६८ साली सुरू केलेले हे शिबिर तंत्रलेखकांसाठी काढलेले नाही. मात्र एकाची कथा इतर सर्वांनी वाचून तिची चिकित्सा करावयाची, ही त्याची रीत कोणत्याही लेखनमंडळाने स्वीकारावी अशीच आहे.

चियांग ह्यांच्या 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' (१९९८) ह्या दीर्घकथेची निवेदिका लुईझ बँक्स ही भाषाशास्त्रज्ञ आहे. परग्रहवासीयांशी आलेल्या संपर्काचा वृत्तान्त ती भूतकाळात सांगते. मुलीचे आयुष्य मात्र मुलीलाच उद्देशून, द्वितीय पुरुषात व प्रामुख्याने भविष्यकाळात सांगते. आता माहितीपुस्तिकेचे व्याकरण पाहावे. 'कळ दाबल्यावर दिवा लागेल' ह्या वाक्यातील भविष्यकाळ निःशंक असतो, आणि त्याचा श्रोता कोणीही असू शकतो. चियांग ह्यांच्या कथेत निःशंकता तीच राहते. श्रोता तेवढा बदलतो. तो आता एकच, नात्याने बांधलेला जीव आहे, आणि जे निश्चित घडणार आहे त्यात त्याचा मृत्यूही आहे. पुस्तिकेत जी निश्चिती वाचकाला दिलासा देते, तीच येथे शोकाचे कारण होते. ही योजना लेखकाने आपल्या व्यवसायातून उचलली, असा दावा करण्याचे कारण नाही. दोन्ही लेखनप्रकारांची सामग्री एकच आहे, एवढे सिद्ध झाले तरी पुरे.

कथेत दोषस्थळ नाही असे नाही. प्रकाशकिरणाच्या मार्गाविषयीचे फर्माचे तत्त्व आकृतीसह समजावताना निवेदन काही काळ पाठाकडे झुकते. परंतु अंत आरंभीच ज्ञात असणे म्हणजे काय, हे त्या तत्त्वावाचून कळणार नाही. म्हणून तो पाठ अस्थानी ठरत नाही.

मराठी तंत्रलेखकापुढील प्रश्न थोडा निराळा आहे. 'झाकण उघडावे', 'तारेस स्पर्श करू नये' ह्या विध्यर्थी वाक्यांत कर्ता लुप्त असतो आणि श्रोत्याचा निर्देशही नसतो. तेव्हा मराठी मंडळाने पहिला अभ्यास हाच द्यावा : अशी दहा वाक्ये घेऊन ती कोण, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगत आहे, हे ठरवावे. आजारी पित्याने मुलाला 'झाकण उघड' म्हटले, की वाक्याचा अर्थ तोच राहूनही त्यात दोन माणसे उभी राहतात.

सारांश, तंत्रलेखकाने अचूकपणा टाकावयाचा नसून त्या अचूकपणाला श्रोता मिळवून द्यावयाचा आहे. जे मंडळ त्याला कचेरीची भाषा विसरावयास लावील, ते त्याची एकमेव कमाई हिरावून घेईल.