जादुई वास्तववाद

कथात्म साहित्यातील एक लेखनप्रवृत्ती. दैनंदिन जीवनाच्या तपशीलवार चित्रणात अतिमानुष घटना आणावयाची आणि निवेदकाने वा पात्रांनी तिचे स्पष्टीकरण न देता ती नित्याची मानावयाची, हे तिचे प्रधान लक्षण होय. ही संज्ञा जर्मन कलासमीक्षक फ्रांट्स रो याने १९२५ मध्ये चित्रकलेच्या संदर्भात योजिली. क्यूबन कादंबरीकार आलेहो कार्पेंत्येर याने १९४९ मध्ये ‘अद्‌भुत वास्तव’ ही कल्पना लॅटिन अमेरिकेच्या इतिहासाशी जोडली. गाब्रिएल गार्सिआ मार्केस याच्या १९६७ च्या कादंबरीत रेमेदिओस ही तरुणी चादरींसह आकाशात निघून जाते; फेर्नांदाला मात्र चिंता लागते ती चादरींची.

मराठीत अद्‌भुताचे असे सहज कथन नवे नाही. म्हाइंभटाच्या लीळाचरित्रात (सु. १२७८) चक्रधरांच्या अलौकिक लीला आणि जेवणखाण, वाटचाल, शिष्यांचे रुसवेफुगवे एकाच साध्या गद्यात येतात. तथापि तेथे अद्‌भुत ही श्रद्धेची साक्ष आहे, कल्पित नव्हे. त्यामुळे या ग्रंथास जादुई वास्तववादी म्हणणे हा कालविपर्यास ठरेल. निवेदनरीतीतील साम्य मात्र लक्षणीय आहे.

चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०–७६) यांच्या कोंडुरा (१९६६) या कादंबरीचा उल्लेख या संदर्भात अनेकदा होतो. तो अंशतःच योग्य वाटतो. कोकणातील श्रद्धाविश्व तीत वास्तवाइतकेच ठोस आहे. पण दैवी साक्षात्कार तेथे नित्याचा होत नाही, तो माणसाला हादरवितो. साक्षात्कार की भ्रम, हा संशय कादंबरीचा प्राण आहे. त्स्वेतान तोदोरोव्हने १९७० मध्ये अशाच संशयाला अद्‌भुतिकेचे लक्षण मानले.

विलास सारंग (१९४२–२०१५) यांच्या कथा या प्रवृत्तीच्या अधिक निकट आहेत. मुलाखतीच्या रूपातील त्यांच्या एका कथेत बेटावरील स्त्रिया अर्ध्याच देहाच्या आहेत. निवेदनाचा स्वर मात्र कोरडा व माहितीपर राहतो. या कथांमागे सामूहिक श्रद्धेचा आधार नाही. त्यांचे नाते मार्केसपेक्षा काफ्काशी जवळचे आहे.

सारांश, अद्‌भुताची उपस्थिती ही या प्रवृत्तीची पुरेशी कसोटी नव्हे. त्याकडे पाहणाऱ्याची नजर निर्णायक असते : लीळाचरित्रात ती भक्ताची, कोंडुरामध्ये भयग्रस्ताची, तर सारंगांच्या कथेत अलिप्त निरीक्षकाची आहे. हा भेद न मानता तिन्हींना एकच नाव दिल्यास मराठी परंपरेचे वेगळेपण झाकोळते.