‘डेट’ची शीव

बागेत मोती हरवलेला एक जवाहिऱ्या तिथेच गवतावर झोपी जातो. स्वप्नात नदीच्या पैलतीरी त्याला एक शुभ्रवस्त्रा तरुणी दिसते. ती आपल्याला मावशी-भाचीहूनही जवळची होती, इतकेच तो सांगतो. लेक हा शब्द काही ओठांवर येत नाही. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले ‘पर्ल’ हे इंग्रजी काव्य ते हेच. कर्ता अज्ञात, हस्तलिखित एकुलते एक.

कडवी १०१, गटागटांनी बांधलेली. प्रत्येक गटातली कडवी एकाच शब्दावर संपतात आणि तोच शब्द पुढच्या कडव्याच्या पहिल्या ओळीत डोकावतो. मोरोपंतांची दामयमके ज्यांच्या कानात आहेत त्यांना ही गंमत सांगायला नको. नवव्या गटाचा शब्द आहे ‘डेट’. आज तो मुख्यतः तारीख सांगतो. तेव्हा तो हद्द, मुदत, हंगाम, प्रहर, अखेर असे सगळेच सांगायचा.

आपण स्वर्गात राणी झालो, असे मुलगी सांगते. त्यावर हा शब्द पहिल्यांदा येतो तो जवाहिऱ्या बापाच्या तोंडी, आणि कुंपण होऊन. तू आमच्यात दोन वर्षेही जगली नाहीस, प्रार्थना शिकली नाहीस आणि पहिल्याच दिवशी स्वर्गाची राणी? ही पायरी फारच वरची झाली! खरे तर हा हिशेब नाही, रडणे आहे. दोन वर्षांचा आकडा त्याला सलतो आहे. मुलगी तोच शब्द उचलते आणि उलटवते: देवाच्या चांगुलपणाला ‘डेट’च नाही.

मग ती बायबलातली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगू लागते. इथे कवीचा हात खरा दिसतो. मालक रिकाम्या बसलेल्या मजुरांना दटावतो, या दिवसाला काही ‘डेट’ आहे हे ठाऊक नाही का? म्हणजे दिवस संपणार आहे. ते म्हणतात, आम्ही दिवसाच्या ‘डेट’आधीपासून इथे आहोत. म्हणजे उजाडायच्या आधीपासून! लागोपाठच्या दोन ओळी, शब्द एकच. मालकाच्या तोंडी मावळत, मजुरांच्या तोंडी उगवत. टीपा देणारे संपादक प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्थ छापतात. मला विचाराल तर पहिल्या वाचनाला त्या टीपा झाकूनच ठेवाव्यात.

मराठीत हे आणायचे तर ‘वेळ’ बराच पल्ला गाठतो. त्याचे मूळ संस्कृत ‘वेला’ म्हणजे काळ, तशीच मर्यादा आणि समुद्राचा काठही. वेळ झाली, वेळ टळली, वेळ भरली, सगळे जमते. पण देवाच्या चांगुलपणाला वेळ नाही म्हटले की घोटाळा!

आणखी एक गोष्ट. ‘डेट’ आला लॅटिन ‘दाता’वरून. अर्थ, दिलेली. पत्राखाली ते अमुक ठिकाणी, अमुक दिवशी ‘दिले’ असे लिहीत, त्यातून तारीख आली. आपला ‘दत्त’ त्याच घराण्यातला. मर्यादेच्या या शब्दाच्या मुळाशी देणे आहे. हे कवीच्या मनात होते की नाही, देव जाणे. गोष्टीला मात्र ते चपखल बसते.

कारण गट संपतो तेव्हा दिवस आपली ‘डेट’ ओलांडून गेलेला असतो आणि मालक मजुरी वाटायला घेतो. पहाटेपासून राबलेल्याला एक पेनी. सूर्य बुडायला तासभर उरला असताना आलेल्यालाही एक पेनी.