कासवाची पाठ आणि देवळाची पायरी

७ एप्रिल २०१७ या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. चौसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा होऊन सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या मराठी चित्रपटास सुवर्णकमळ लाभले. आणि त्याच दिवशी मानसिक आरोग्यसेवा अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. हा निव्वळ योगायोग होता. परंतु एका कलाकृतीने आणि एका कायद्याने एकाच प्रश्नास हात घातला होता. ज्याचे मन ढासळले आहे आणि ज्याला आश्रय उरलेला नाही, अशा मनुष्यास त्याने न मागितलेली मदत करावी काय, आणि केल्यास कोणत्या मर्यादेत? या दोन्ही कृती शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा आमचा मानस आहे.

देवस्थानांशी निगडित अशा वाचकांपुढे हे परीक्षण ठेवण्यास कारण आहे. केसांच्या जटा झालेला, स्वतःशीच बोलणारा पुरुष किंवा बोचके उराशी धरून बसलेली बाई देवळाच्या पायरीवर पाहिली नाही, असा वाचक विरळाच. समाराधनेच्या दिवशी त्यांच्या पत्रावळीवर भात पडतो. उत्सवाच्या आदल्या दिवशी त्यांना उठवून प्राकाराबाहेर केले जाते. दया आणि हकालपट्टी या दोन्ही गोष्टी आपल्याच हातून होतात, आणि दोहोंच्या वेळी त्यांना काय हवे आहे हे आपण विचारीत नाही.

प्रथम चित्रपटाकडे वळू. जीव देण्याचा प्रयत्न फसलेला एक तरुण इस्पितळातून निघून जातो आणि भटकत राहतो. तापाने फणफणलेल्या स्थितीत तो जानकीच्या दृष्टीस पडतो. जानकी स्वतः नैराश्याच्या विकारातून गेलेली आहे. ती त्याला आपल्याबरोबर देवगडच्या किनाऱ्यावरील घरी घेऊन येते. दत्ताभाऊ नावाचे वृद्ध गृहस्थ तेथे कासवांच्या संरक्षणाचे काम करीत असतात. ही भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे, आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इरावती हर्षे यांची जानकी आणि आलोक राजवाडे यांचा तरुण यांच्यात संवाद थोडा आहे. तू कोण, कुठला, असे का केलेस, या प्रश्नांची जानकीस घाई नाही. जेवणाचे ताट पुढे येते, दार उघडे असते, आणि शेजारी समुद्र असतो.

या संयमातच चित्रपटाचे यश आहे असे आम्हांस वाटते. मनोरुग्णाला पडद्यावर हास्यास्पद किंवा भयंकर करून दाखविण्याची जी जुनी खोड आहे, तिचा येथे मागमूस नाही. उपकाराचा आवाजही नाही. आपल्याकडे दान देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो. जानकीचा हात वर नाही, कारण ती स्वतः त्याच पाण्यातून बाहेर आलेली आहे.

तथापि जो प्रश्न सर्वांत कठीण, तो चित्रपटाने सोपा करून घेतला आहे. हा तरुण सुशिक्षित आहे. जानकीजवळ मोटार आहे, मोकळे घर आहे, घरात राबणारी माणसे आहेत. तरुणाला उचलले जाते तेव्हा तापामुळे त्याच्यात विरोध करण्याचे बळ नसते. पण ताटातल्या अन्नात विष घातले आहे अशी ज्याची खात्री झाली आहे, जवळ येणारा प्रत्येक जण ज्याला वैरी वाटतो, आणि ज्याचा नकार हाच त्याच्या रोगाचा भाग आहे, त्याचे काय? याच दिग्दर्शकद्वयाने ‘देवराई’ या २००४ च्या चित्रपटात छिन्नमनस्कतेचा विकार रंगविला होता. परंतु तेथे रोग्याला बहीण होती. येथे बहीण नाही, पण जानकी आहे. जिथे बहीणही नाही आणि जानकीही नाही, ती तिसरी कथा देवळाच्या पायरीवर बसलेली आहे. तिच्यासाठी कायदा वाचावा लागतो.

ब्रिटिश अमदानीतील १९१२ च्या कायद्याची भाषा भटकणाऱ्या वेड्याला अटक करण्याची होती. पुढे १९८७ चा कायदा आला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शीला बारसे यांच्या प्रकरणात, गुन्हा केलेला नसताना मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनेच्या विरुद्ध आहे असा निर्णय दिला. २०१७ च्या अधिनियमाचे कलम १०० अटकेचा शब्द टाकून ‘संरक्षण’ हा शब्द घेते. स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असा मनोरुग्ण भटकताना आढळल्यास पोलिसाने त्याला संरक्षणाखाली घ्यावे, तसे का केले हे सांगावे, कोठडीत न ठेवता २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत न्यावे, आणि बेघर असल्यास हरवलेल्या व्यक्तीची फिर्याद नोंदवून त्याचे कुटुंब शोधावे.

त्याची संमती नसताना उपचार करावयाचे तर तेही मोकाट नाहीत. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे. रोगी स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील, अथवा स्वतःची इतकी आबाळ करील की त्याला धोका पोहोचेल, अशी खात्री व्हावी. सौम्य उपाय उरलेला नसावा. अशा दाखल करण्याची मुदत प्रथम ३० दिवसांची. रुग्णालयाने पुनर्विलोकन मंडळास कळवावे, आणि रोग्यास त्या मंडळाकडे दाद मागता यावी. ज्याचे कोणीच नाही, त्याच्या वतीने बोलण्यासाठी समाजकल्याण खात्याचा संचालक नेमता येतो. कलम १९ तर असे सांगते की, केवळ घर नाही किंवा घरचे स्वीकारीत नाहीत एवढ्यासाठी कोणालाही मनोरुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही.

मसुदा म्हणून हे लेखन चांगले आहे. परंतु जानकीच्या ठायी जे आहे, ते या लेखनात येऊ शकत नाही. संचालक हा शब्द नातेवाइकाच्या जागी बसतो, नात्याच्या जागी बसत नाही. कायद्याचा शिपाई माणसाला इस्पितळाच्या दारापर्यंत नेतो. बाहेर पडल्यावर तो कोठे जाणार, याचे उत्तर सरकारी निवाऱ्यावर आणि कुटुंबावर सोपविलेले आहे. जेथे दोन्ही नाहीत तेथे रोगी बरा होऊनही इस्पितळातच राहतो, किंवा पुन्हा त्याच पायरीवर येतो.

सक्ती मुळीच नको असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला वजन आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवाऱ्यास आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ज्यांनी त्यांना तेथे आणून सोडले, त्यांतील पुष्कळांना आपण बऱ्याचसाठी हे करीत आहोत असेच वाटत होते. हे दुसऱ्या धर्माचे उदाहरण म्हणून हिंदू वाचकांनी अंग झटकू नये. बाधा झाली म्हणून घरचे माणूस देवाच्या दारी आणून बसविण्याची रीत आपल्या क्षेत्रांसही ठाऊक आहे. गाणगापूरला गेलेल्यांना हे सांगावे लागणार नाही.

परंतु ‘त्याची मर्जी’ म्हणून बाजूने निघून जाणे, हे स्वातंत्र्याचा आदर करणे नव्हे. मुंबईचे डॉ. भरत वाटवाणी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण पाहिला आणि त्याला उपचारांसाठी आणले. बरा झाल्यावर तो पदवीधर असल्याचे कळले, आणि आंध्रातील त्याच्या घरचा पत्ता लागला. या अनुभवातून १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ ही संस्था उभी राहिली. कर्जतच्या तिच्या केंद्रात रस्त्यावरचे रोगी उपचार घेतात आणि नंतर त्यांना आपापल्या गावी पोहोचविले जाते. याच कार्यासाठी डॉ. वाटवाणी यांना २०१८ चे रेमन मॅगसेसे पारितोषिक मिळाले. गटाराचे पाणी पिणाऱ्या त्या तरुणाची संमती आधी मागितली असती तर ती मिळाली असती काय, हे सांगता येत नाही; पण त्याला परत घर मिळाले, हे खरे. ज्यांना परतण्यास घरच नाही, अशांसाठी चेन्नईच्या ‘द बन्यन’ या संस्थेने साध्या वस्तीत साधी घरे भाड्याने घेऊन चारपाच जणींना एकत्र राहण्याची सोय केली. बेघर मनोरुग्णांच्या उपचारातील खरे औषध हेच आहे, असे आम्ही म्हणू. गोळी मन जागेवर आणील. त्या मनाला ठेवण्यास मात्र जागा हवी.

येथे आम्ही पुन्हा ‘कासव’कडे येतो. कोकणकिनाऱ्यावर कासवांची अंडी कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचविण्यासाठी कुंपणात ठेवतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, आणि मग त्यांना समुद्रात नेऊन टाकीत नाहीत. वाळूवर ठेवतात, आणि ती आपल्या पायांनी पाण्याकडे जातात. राखणदार दूर उभा असतो. मनुष्य म्हणजे अंडे नव्हे. त्याला रोज विचारता येते आणि विचारलेच पाहिजे. परंतु कुंपणास दिवस मोजलेले असावेत, समोर पाणी असावे, आणि चालण्याचे पाय ज्याचे त्याचे असावेत, एवढा धडा या प्रतिमेत आहे. चित्रपटाने टाळलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच किनाऱ्यावर पडलेले होते. सक्ती समर्थनीय ठरते ती तिच्या शेवटावरून. ज्या सक्तीच्या पलीकडे घर नाही, ती केवळ कैद होय.

आपल्या पुष्कळ देवळांच्या सभामंडपात दगडी कासव असते. इंद्रिये आवरून घेणाऱ्या स्थितप्रज्ञाची ती खूण, असे आपण मुलांना सांगतो आणि पाय न लागेल असे जपून चालतो. बाहेर पायरीवर अंग आखडून बसलेला मनुष्य स्थितप्रज्ञ नाही. तो भ्यालेला आहे. देवस्थानच्या महाजनांनी आणि विश्वस्तांनी त्याच्यासाठी कायदा शिकण्याची आवश्यकता नाही. त्याला प्राकाराबाहेर काढण्यापूर्वी पोलिसास कलम १०० ची आठवण द्यावी. गोव्यात बांबोळीस, बेळगावकरांनी धारवाडास, सिंधुदुर्गात रत्नागिरीस त्याला नेले की नाही याची आठवड्याने चौकशी करावी. आणि तो बरा होऊन बाहेर पडेल त्या दिवशी, कुटुंब सापडेपर्यंत, अग्रशाळेतील एक खोली त्याच्या नावाने उघडी ठेवावी. उत्सवासाठी आपण अशा किती खोल्या झाडून ठेवतो, हे महाजनांना आम्ही सांगावयास नको.